पिण्याचे शब्द : वसईच्या किनाऱ्यावरची एक शब्दनोंद

लहानपणी दिवाळीच्या आधी आमचे आजोबा बाजारातून आले की शेजारचे म्हातारे त्यांना अंगणातूनच विचारत, "दारू आणली का रे पोरांसाठी?" आजोबा पिशवीतून फुलबाज्या, लवंगी आणि भुईनळे काढून दाखवत. आम्हांला त्यात काही वावगं वाटत नसे. आज हाच प्रश्न कोणी मोठ्याने विचारला तर इमारतीतल्या चार खिडक्या उघडतील.

'शोभेची दारू', 'दारूकाम', 'दारूगोळा' हे शब्द अजून पूर्ण गेलेले नाहीत. फटाक्यांच्या परवान्याच्या संदर्भात 'शोभेची दारू' आजही वाचायला मिळते. मुंबईत रे रोडजवळचा दारूखाना हा भाग पिण्याच्या दारूमुळे नव्हे, तर बंदुकीच्या दारूच्या कोठारामुळे त्या नावाने ओळखला जाऊ लागला. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत 'दारू'खाली मद्य आणि स्फोटक भुकटी असे दोन्ही अर्थ आहेत. आणि मूळ फारसी 'दारू'चा अर्थ तर तिसराच, तो म्हणजे औषध. इराणमध्ये आजही औषधाच्या दुकानाला 'दारूखाने' म्हणतात. आपल्या 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. 'तिची खूप दवादारू केली' असं म्हणताना तिला कोणी मद्य पाजलं असं आपल्या मनात येत नाही.

औषध, स्फोटक आणि मद्य असे तीन अर्थ एकाच शब्दात नांदतात, हे मला प्रथम उमगलं तेव्हा मी तिशीत होतो. मी भाषाशास्त्राचा विद्यार्थी नाही. बारावीनंतर एका कारखान्यात भांडारात लागलो आणि नोंदवही ठेवण्याची सवय तिथे जडली. आलेला माल, गेलेला माल, शिल्लक. पुढे मी शब्दही तसेच नोंदवू लागलो. वसई-विरारच्या पट्ट्यात पिण्याशी संबंधित जे जे शब्द कानावर पडले ते एका लांबट वहीत लिहीत गेलो; कोणाकडून ऐकला, कुठे, कोणत्या वाक्यात. हा लेख त्या वहीवरून लिहिला आहे. वही पिण्याची असली तरी मी पीत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

झाडावरून आलेले शब्द

माझे आजोबा आगाशीच्या पुढे, अर्नाळ्याच्या अंगाला, ताडी काढत. कमरेला कोयता, पाठीला भोपळा आणि बुंध्यावर पाय रोवायला केलेल्या खाचा. त्यांच्या तोंडी 'दारू' हा शब्द मद्यासाठी क्वचितच येई. ते झाडाचं नाव घेत. ताडाची ती ताडी, माडाची ती माडी, शिंदीच्या झाडाची ती शिंदी. सूर्य उगवण्याआधी उतरवलेला, चुना लावलेल्या मडक्यात धरलेला गोड रस म्हणजे नीरा. चुन्यामुळे रस आंबत नाही. मडक्याला चुना नसेल तर हवेतलं आणि भांड्यातलं किण्व काही तासांत आपलं काम करतं, आणि दुपारपर्यंत नीरेची ताडी होते. सकाळी पोराला पाजायचा रस आणि संध्याकाळी बापाने प्यायचा रस एकाच झाडाचा. फरक फक्त चुन्याचा आणि वेळेचा. आजोबांच्या भाषेत हा फरक एका शब्दाने कळत असे.

हा झाडाचा शब्द पुढे फार लांब गेला. 'ताडी'वरून इंग्रजीत 'टॉडी' झालं. ते स्कॉटलंडला पोचलं तेव्हा त्यातला ताड गळून पडला. तिथली 'हॉट टॉडी' म्हणजे व्हिस्की, गरम पाणी आणि साखर. 'पंच' या पेयाचीही अशीच गोष्ट सांगतात. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७० च्या दशकात या किनाऱ्यावर होता. त्याच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवृत्तात या पेयाचं नाव त्यातल्या पाच घटकांवरून पडल्याचं म्हटलं आहे. काही कोशकारांना ही व्युत्पत्ती मान्य नाही, कारण तेव्हाच्या इंग्रजी उच्चाराशी 'पाच' नीट जुळत नाही. पण आपल्या 'पंचामृता'ची सवय असलेल्या कानाला ती लगेच पटते, आणि लगेच पटणाऱ्या व्युत्पत्तीपासून जरा सावध राहावं हे मी याच शब्दाकडून शिकलो.

'अर्क' हा शब्द तर आपण रोज वापरतो. ओव्याचा अर्क, गुलाबाचा अर्क. अरबी 'अरक' म्हणजे घाम. भट्टीवरच्या भांड्याच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब धरतात, ते घामासारखे दिसतात, म्हणून ऊर्ध्वपातन केलेला द्रव तो अरक. त्याचंच इंग्रजीत 'ॲरॅक' झालं आणि गोव्यात काजूच्या पहिल्या ऊर्ध्वपातनाचा 'हुर्राक' झाला. त्यानंतरची कडक ती फेणी. तिच्या नावात फेण म्हणजे फेस आहे. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं, नाव मात्र इथलं. गोव्यात माडाच्या ताज्या माडीला 'सूर' म्हणतात आणि दारूला 'सोरो'. संस्कृतातली 'सुरा' ग्रंथांतून बाहेर पडून अशी गोव्याच्या घराघरांत राहिली. वसईच्या आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लग्नांत दालचिनी, वेलची, लवंग आणि साखर घालून गरम केलेली 'खिमड' देतात. तिचं नाव घेताना कोणाचा आवाज खाली येत नाही, कारण ती लग्नाची असते.

मला इथे एक गोष्ट दिसते. झाडावरून, भांड्यावरून किंवा विधीवरून पडलेल्या नावांत चोरटेपणा नाही. आजोबा 'ताडी' म्हणत ते 'दूध' म्हणावं तसं.

सरकारने दिलेले शब्द

चोरटेपणा आला तो कायद्याबरोबर. 'आबकारी' हा फारसी शब्द, आब म्हणजे पाणी, त्यावरून झालेला. मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा १८७८ चा. त्यानंतर परवान्याशिवाय झाडाला कोयता लावणं हा गुन्हा झाला आणि झाडामागे कर बसला. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांविषयी वेगळा कायदा आला. फुलं गोळा करणं, घरात ठेवणं यांवर बंधनं आली. आजचा पालघर जिल्हा तेव्हा ठाण्यातच होता, तो वेगळा झाला २०१४ साली. वारली आणि इतर आदिवासींसाठी मोहाचं फूल हे अन्न होतं, देवाला दाखवायची वस्तू होती आणि दारूही होती. कायद्याला त्यातली फक्त दारू दिसली.

'गुत्ता' हा शब्द मी अनेक वर्षं घाणेरड्या जागेचं नाव समजत होतो. तेलुगू-कन्नडकडून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता, कंत्राट. मराठवाड्यात रस्त्याचं काम घेणाऱ्याला आजही 'गुत्तेदार' म्हणतात आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. दारू विकण्याचा मक्ता ज्याने घेतला त्याचं दुकान ते गुत्ता. गोव्यात माडी काढणाऱ्याला 'रेंदेर' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज 'रेंदेइरू' म्हणजे मक्तेदार यावरून आला आहे. दोन राज्यांत, दोन भाषांत, झाडावर चढणारा आणि पेला भरणारा हे दोघेही करवसुलीच्या वहीतल्या नावाने ओळखले गेले, हे मला मोठं बोलकं वाटतं.

१९४९ साली मुंबईचा दारूबंदी कायदा झाला. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं. १९५१ च्या बलसारा खटल्यात न्यायालयाने कायदा बराचसा राखला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांवरची बंदी टिकू दिली नाही. फारसीतली दारू आणि मराठीतली दारू यांची वाटणी अशी न्यायालयात झाली. दुसऱ्या बाजूने परवाना मिळवायचा तर आरोग्य जपण्यासाठी आणि टिकवण्यासाठी मद्याची गरज आहे असं दाखवावं लागे. म्हणजे कायद्याच्या कागदावर दारू पुन्हा दवा झाली. या परवान्यातूनच 'परमिट रूम' हा महाराष्ट्राचा खास शब्द आला. परराज्यातला पाहुणा ती पाटी बघून गोंधळतो. आपल्याकडे परमिट कोणी मागत नाही, पण खोली मात्र परमिटचीच. तसंच 'वाईन शॉप'. तिथे वाईन सोडून बाकी सगळ्याला गिऱ्हाईक जास्त.

बंदीच्या काळात दारू गेली नाही, तिचे शब्द बदलले. 'हातभट्टी', 'अड्डा', 'आंटी', मोटारीच्या टायरच्या ट्यूबमधून माल नेतात म्हणून नुसतं 'ट्यूब'. हे फक्त आपल्याकडे घडलं नाही. आयर्लंडमधली चोरटी दारू 'पोचीन', म्हणजे लहान मडक्यातली. अमेरिकेच्या डोंगराळ भागातली 'मूनशाईन', चांदण्यात गाळलेली. बुटाच्या उंच भागात बाटली लपवणारा तो 'बूटलेगर'. ठिकठिकाणच्या लोकांनी सरकारची नजर चुकवायला आपापली बोली वापरली. आयरिश माणसाने भांडं घेतलं, अमेरिकनाने रात्र घेतली, आपण हात घेतला.

भट्टीतून आलेला एक शब्द मात्र मराठीत मानाने वावरतो. ऊर्ध्वपातनात सुरुवातीला येते ती धार जास्त कडक, म्हणून 'पहिल्या धारेची'. पुढे गायक, विनोद, शिवी, सगळंच पहिल्या धारेचं असू लागलं. उलट 'बेवडा' या शब्दाच्या वाट्याला फक्त तिरस्कार आला. गुजरातीत 'बेवडुं' म्हणजे दुप्पट, दुहेरी. दोनदा गाळलेली ती बेवडा, आणि ती पिणारा तोही बेवडा, असा माझा तर्क आहे. आमचा पट्टा गुजरातच्या वाटेवरचा असल्याने मला तो सयुक्तिक वाटतो.

मापं

पिणाऱ्याला मापाचा शब्द सगळ्यात सुरक्षित, कारण त्यात वस्तूचं नाव येतच नाही. 'पावशेर मारली', 'नवटाक टाकली'. टांक हे जुनं वजन. बहात्तर टांकांचा शेर, आणि नऊ टांक म्हणजे नवटाक, शेराचा आठवा हिस्सा. १९५६ च्या कायद्याने दशमान मापं आली, बाजारातून शेर गेला, अदपाव गेला. नवटाक पिणाऱ्यांच्या बोलीत टिकून राहिली. आता तिच्या जोडीला 'नाइन्टी', 'क्वार्टर', 'चपटी', 'अद्धा', 'खंबा' आहेत.

'क्वार्टर'मध्ये एक गंमत आहे. जुनी पूर्ण बाटली गॅलनच्या सहाव्या हिश्श्याची, म्हणजे साधारण ७५७ मिलीलिटर. ती पुढे ७५० झाली. तिचा चौथा हिस्सा १८७ च्या आसपास यायला हवा, पण आपली क्वार्टर १८० ची. चार क्वार्टरचे होतात ७२०. खंब्याला ३० मिलीलिटर कमी, म्हणजे बरोबर एक छोटा पेग. मी हे गणित एका ओळखीच्या पिणाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तो पेग सरकार पितं."

क्रियापदं आणि माणसांची उतरंड

वहीत सगळ्यात जास्त पानं क्रियापदांनी भरली आहेत. 'पिणे' हे क्रियापद कर्माशिवाय वापरलं की अर्थ एकच. 'मुलगा पीत नाही ना?' या प्रश्नाचं उत्तर 'पाणी पितो' असं कोणी देत नाही. साहेब 'घेतात'. कारकून 'बसतात'. मित्र 'टाकतात', 'लावतात', 'मारतात'. मजूर 'ढोसतो'. द्रव एकच, पण क्रियापदावरून माणसाचा पगार कळतो. झिंगण्याचंही तसंच. वरच्या वर्गाला 'जरा चढते', मधला 'टाईट' होतो, खालचा 'तर्र', 'टल्ली' आणि शेवटी 'आडवा'.

पांढरपेशांनी शब्द धुऊन घेतले. 'तीर्थ', 'तीर्थप्राशन', 'अपेयपान', नाटकवाल्यांचा आणि निवडणुकीच्या कार्यकर्त्यांचा 'श्रमपरिहार'. आषाढातल्या अमावास्येला घरात दिवे घासून पुजतात, ती दिव्यांची अवस. तीच बाहेर 'गटारी'. श्रावण पाळायच्या आधी शेवटचा हात मारून घ्यायचा, आणि तोल जाऊन पडायचं ते गटारात, म्हणून गटारी. अलीकडे काही जण ती मुळात 'गतहारी' असल्याचं सांगतात. पण गत आणि आहार यांचा संधी 'गताहार' होतो. गटाराला संस्कृतात नेऊन धुवायची ही धडपड आहे, एवढंच.

साहित्याने दिलेला शब्द म्हणजे 'तळीराम'. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातल्या तळीरामाने 'आर्य मदिरा मंडळ' काढलं. शंभर वर्षांनंतरही नाकाबंदीची बातमी आली की वर्तमानपत्रात 'तळीरामांवर कारवाई' असा मथळा असतो. इंग्रजीत असंच एका नौदल अधिकाऱ्याचं झालं. ॲडमिरल व्हर्नन 'ग्रोग्रॅम' नावाच्या जाड कापडाचा झगा घाली, म्हणून खलाशी त्याला 'ओल्ड ग्रॉग' म्हणत. १७४० मध्ये त्याने रममध्ये पाणी घालून वाटायचा हुकूम काढला आणि त्या पातळ रमला 'ग्रॉग' नाव पडलं. त्यावरूनच 'ग्रॉगी', झिंगलेला. तिथे पाणी घालणाऱ्याचं नाव राहिलं, इथे पिणाऱ्याचं. ज्या सिंधूने त्या नाटकात सगळं सोसलं, तिच्या नावावरून मात्र मराठीत एकही शब्द झाला नाही.

वहीतली रिकामी जागा

हे माझ्या लक्षात आणून दिलं ते आईने. ती आता ऐंशीच्या घरात आहे. चष्मा लावून तिने माझी वही पानापानाने वाचली. मग विचारलं, "हे सगळे पिणाऱ्यांचे शब्द. आमचे कुठे आहेत?"

आजोबा ताडी काढत, पण त्यांना झिंगलेलं मी पाहिलं नाही. वडील मुंबईला कामाला जात, विरार लोकलने. त्यांनी झाडाची ताडी सोडली आणि ट्यूबमधून येणारी धरली. मी चौदा वर्षांचा असताना ते गेले. त्या वर्षांत आई घरात 'दारू' हा शब्द उच्चारत नसे. संध्याकाळी वडिलांची चाल लांबून दिसली की ती कुंपणापलीकडच्या मावशींना हाक मारून सांगे, "आज भरती हाय." मावशी आम्हा भावंडांना जेवायला बोलावत. आम्ही तिथेच झोपत असू. सकाळी आई येऊन म्हणे, "ओहोटी लागली, चला." किनाऱ्यावरच्या घरात भरती-ओहोटीबद्दल कोणी बोललं तर त्यात वेगळं काही वाटत नाही. मी बरीच वर्षं खरंच समुद्राबद्दलच चाललंय असं समजत होतो.

वहीत मी 'तर्र' होण्याचे अठरा शब्द लिहिले होते. तो घरी पोचल्यावर जे होतं त्याला एकही शब्द माझ्याकडे नव्हता. मग मी पुन्हा फिरलो, या वेळी बायकांकडे. 'आज ते तसेच आलेत', 'वास आहे', 'पगाराचा दिवस आहे', 'डोळे बघ'. एका बाईंनी तर काहीच न बोलता फक्त कडी लावल्याची खूण करून दाखवली. ती मी शब्द म्हणूनच नोंदवली. पिणाऱ्यांचे शब्द वस्तू लपवतात आणि मजा दाखवतात. बायकांचे शब्द धोका कळवतात, आणि तोही ज्याच्यापासून धोका आहे त्याला कळू न देता.

शब्दांनी लपवलेल्या धोक्याची दुसरी बाजूही आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. पेल्यात, वासात ते ओळखता येत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, आधी दृष्टी जाते, मग जीव. त्यावरच्या उपचारांत डॉक्टर काही वेळा शुद्ध इथेनॉलच देतात, कारण ते शरीरात मिथेनॉलची वाट अडवतं. फारसीतला जुना अर्थ असा रुग्णालयात परत भेटतो. ताडीच्या दुकानांतही आता ताडापेक्षा रसायन जास्त असल्याचं छाप्यांतून उघड होतं. त्यात क्लोरल हायड्रेट म्हणजे गुंगीचं औषध मिसळतात. आजोबांच्या भाषेत ताडी म्हणजे ताडाची. आज त्या नावावरून झाडाची खात्री देता येत नाही. आणि ताडावर चढणारी माणसं आमच्या गावात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

बायकांनी मराठीला उघडपणे दिलेला एक शब्द मात्र आहे. महाराष्ट्रात गावातलं किंवा प्रभागातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, 'उभी बाटली' आणि 'आडवी बाटली'. दुकान चालू राहावं तर उभी, बंद व्हावं तर आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवी बाटली निवडली तर दुकानाला टाळं लागतं. मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक. त्यामुळे जी घरातून बाहेर पडू शकली नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला जातं. तरीही अनेक गावांनी बाटली आडवी केली आहे. इतकी वर्षं 'आडवा' हा शब्द रस्त्यात पडलेल्या माणसासाठी होता. बायकांनी तो बाटलीला लावला.

आईच्या प्रश्नानंतर मी वहीची नवी पानं उघडली. पहिल्या पानावर 'भरती' लिहिलं. अर्थाच्या रकान्यात लिहिलं : 'घरचा माणूस पिऊन येत आहे, मुलांना घेऊन जा.' कोणाकडून ऐकला या रकान्यात आईचं नाव घातलं आणि वही तिला दाखवली. तिने ती वाचली, आणि खाली मावशींचंही नाव लिहायला सांगितलं.